विहीणबाईंची चिठ्ठी

अमरावतीच्या आमच्या कापड दुकानात मी अठ्ठावीस वर्षं साड्या दाखवतो आहे, आणि एवढ्या वर्षांत माझ्याशी उघड वैर धरण्याची हिंमत एकाच व्यक्तीने केली. ती छत्तीस वर्षांची होती, तिला लिहितावाचता येत नव्हतं, आणि पहिल्याच दिवशी, दुकानात पाऊल ठेवल्यावर दहा मिनिटांत, ती मला भर गिऱ्हाइकांसमोर म्हणाली, "बुढ्या, तू लय बोलतं."

मी तेव्हा एक्कावन्न वर्षांचा होतो. महिन्यातून दोनदा केसांना रंग लावत होतो आणि तो कुणाला कळत नाही या समजुतीत सुखी होतो.

बोलणं हा माझा धंदाच आहे. साडी काय, कुठलाही माणूस उलगडून दाखवील. मी गादीवर बसलो की पडदा उघडतो. पदर असा भिरकावायचा की तो समोरच्या बाईच्या मांडीवर अलगद उतरला पाहिजे. हे जमायला मला सहा वर्षं लागली. त्यासोबत गोष्ट सांगायची. कुठल्या गावच्या सासूने कुठल्या सुनेला कुठली साडी कशी नाकारली, आणि मग काय झालं. निम्म्या गोष्टी खऱ्या असतात. बाया हसून हसून डोळे पुसतात आणि डोळे पुसत असताना साडी विकली जाते. अंजनगावपासून परतवाड्यापर्यंत लोक आमच्या दुकानात निम्मे साडीसाठी आणि निम्मे माझ्यासाठी येतात, असं माझं ठाम मत होतं. अशा माणसाला कुणीतरी सगळ्यांदेखत गप्प बसवलं, तर त्याने काय करावं? मी युद्ध पुकारलं.

ती कशी आली ते आधी सांगतो. दिव्यांगांसाठी काम करणारी एक संस्था शेठजींकडे आली होती. बौद्धिक दिव्यांग माणसांना नेहमीच्या दुकानांत, नेहमीच्या माणसांबरोबर काम मिळावं, असं त्यांचं म्हणणं. शेठजींना ते पटलं की सोबतचा फोटो पटला, हे मी सांगू शकत नाही. फोटोत शेठजी हारासकट आहेत आणि ती कोपऱ्यात अर्धी कापली गेली आहे. नंतर शेठजींनी आम्हा सात जणांना बोलावून सांगितलं की तीन महिने पाहू, जमलं तर कायम, नाही तर राम राम. तिचं काम साड्यांच्या घड्या घालण्याचं. आमच्यातल्या एकाने विचारलं, गिऱ्हाइकाले चावणार त नाही ना? सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. ती दारातच उभी होती. तिने आमच्या तोंडांकडे एकेक करून पाहिलं आणि विचारलं, "काहून हसून राहिले?" जो तो आपल्या गादीवर जाऊन बसला. दुकानात तिला सगळे घडीवाली म्हणायला लागले. नाव कुणी घेतलं नाही, म्हणून मीही इथे घेत नाही.

अकोल्याला ती पंधरा वर्षं एका कार्यशाळेत कागदी पिशव्या चिकटवत होती. आई होती तोवर तिथे. आई गेल्यावर भावाने अमरावतीला आणलं. भाऊ कचेरीत कारकून, वहिनी घरी. तिचं सगळं मला कळलं ते तिच्याच तोंडून, कारण जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन नेमकी माझ्या समोर येऊन बसायची. प्रेमाने नव्हे. तिथे पंखा होता. एकदा मी सहज, म्हणजे टोचावं म्हणून, विचारलं, की शेठजीने काढलं त काय करशीन? ती चपाती चावत म्हणाली, "काम गेलं त मले अकोल्याले ठेवतीन. तिथं बाहीरून कडी लावते."

मी म्हटलं, कोण लावते? ती म्हणाली, बाई लावते. संध्याकाळी लावते, सकाळी काढते. वहिनीने त्या कार्यशाळेच्या वसतिगृहाचा फॉर्म आणून ठेवला आहे, कपाटावर आहे, निळा आहे. एवढं सांगून तिने माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता उचललं.

तर हे असं. तिला नोकरी टिकवायची होती आणि मला ती जायला हवी होती. दोघांनाही आपापलं काम चांगलं माहीत होतं.

तिची घडी चांगली होती हे मान्य करायला मला त्रास होतो, तरी करतो. काठ काठाला, पदर वर, कोपरा असा की त्यावर पाण्याचा ग्लास ठेवावा. सुरुवातीला वेळ लागायचा. मग हात बसला. पण तिने रचलेल्या थप्पीतून मधली साडी कुणी ओढली की ती सरळ हातावर चापट मारायची. मला दोनदा बसली. एकदा एका साडीत राहिलेली टाचणी तिला खुपली, बोटातून रक्त आलं, आणि तेव्हापासून टाचणी दिसली की त्या साडीला ती हात लावेना. शेठजींनी सांगितलं तरी नाही. पाया पडलं तरी नाही.

पहिली लढाई घडीवरूनच झाली. साडीच्या दुकानात एक रीत असते. गिऱ्हाईक गादीसमोर बसलेलं असेपर्यंत उलगडलेली साडी घडी करायची नाही. समोर ढीग वाढू द्यायचा. तो ढीगच बाईला सांगत असतो की एवढं सगळं तुझ्यासाठी काढलं, आता रिकाम्या हाताने कशी उठशील. आणि समोर घडी घालायला घेतली, की त्याचा अर्थ होतो, उठा आता. आमच्या दुकानात हे कुणी कुणाला शिकवत नाही, ते आल्या आल्या कळतं. तिला कळलं नाही. उलगडलेली साडी म्हणजे तिचं काम. मी पदर भिरकावला की ती बाजूने येऊन तो बाईच्या मांडीवरून उचलायची आणि घडी घालायला लागायची. गोष्ट ऐन रंगात, आणि माझं नेपथ्य गुंडाळलं जातंय. दोन प्राध्यापिका तर खरोखर रागावून उठून गेल्या.

मी शेठजींकडे तक्रार केली. रोज केली. दुकानातले बाकीचेही करत होते. शेवटी तिचं बाकडं मागच्या भिंतीला लावलं आणि गिऱ्हाईक उठलं की ढीग तिकडे न्यायचा असं ठरलं. प्रश्न संपला. हा उपाय कुणालाही पाच मिनिटांत सुचला असता. आम्हाला तीन आठवडे लागले, कारण आम्हाला उपाय नको होता, तिची चूक हवी होती.

तिसऱ्या महिन्यात अंजनगाव सुर्जीचा एक मोठा बस्ता आला. दोन जीपा भरून माणसं. नवरीकडचे, नवरदेवाकडचे, आणि ज्यांना कुणीच बोलावलं नव्हतं तेही. लग्नाचा बस्ता म्हणजे दोन्ही घरांचं पहिलं भांडण, फक्त साड्यांच्या भाषेत केलेलं. आत्याला काकूपेक्षा हलकी साडी दिसली की तिचं डोकं दुखायला लागतं. मला बस्ता म्हणजे दिवाळी.

बस्त्यात नावं नसतात, नाती असतात. एकेक साडी पसंत झाली की ती घडी होऊन माझ्याकडे येते, आणि मी तिला टाचणीने चिठ्ठी लावतो. नवरीची आत्या. मोठी काकू. मामी. शेवटी देण्याघेण्याच्या साड्यांचा गठ्ठा, छापील, हलक्या, स्वयंपाकाला येणाऱ्या बाईला वगैरे द्यायच्या. चिठ्ठ्या आधी लिहिलेल्या असतात. मी त्या ओठांत धरतो, एकेक काढतो, दरबारात पुकारा करावा तशी मोठ्याने वाचतो आणि टाचतो. हे माझं खास आहे. लोक वाट पाहतात.

त्या दिवशी सगळ्यात महत्त्वाची साडी विहीणबाईंची, म्हणजे नवरदेवाच्या आईची. जांभळी, रेशमी, जरीकाठी. ती पसंत करायला दोन तास गेले. विहीणबाई स्वतः समोर बसल्या होत्या. चिठ्ठ्या लावायची वेळ आली तेव्हा मी एक गोष्ट सांगत होतो. एक नवरदेव स्वतःच बस्त्याला आला, साड्यांच्या ढिगात झोपला, आणि लोकांनी ढिगासकट त्याला बाजूला सरकवलं. गोष्ट अशी रंगली होती की विहीणबाईंना ठसका लागला. माझ्यासमोर जांभळी साडी होती आणि तिच्या शेजारी एक छापील. मी ओठांतून चिठ्ठी काढली, पुकारलं, विहीणबाई, आणि टाचली.

मागून घडीवाली पुढची साडी घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्याले नाई. जांभळं त्या बाईचं हाये."

मी वळूनही पाहिलं नाही. बायांना म्हटलं, पाहा, आता ही मला शिकवणार. बाया आणखी हसल्या. ती तशीच उभी राहिली, पुन्हा म्हणाली, जांभळं त्या बाईचं. मी हाताने तिला मागे जा म्हणून सांगितलं आणि दुसरी चिठ्ठी, स्वयंपाकाची बाई, जांभळीला टाचली. पुढे गोष्ट पूर्ण केली. टाळ्या पडल्या. लग्नाच्या बस्त्यात टाळ्या पडलेल्या तुम्ही कधी ऐकल्या आहेत का? मी ऐकल्या.

लग्न झालं आणि पाचव्या दिवशी एक जीप परत आली. जीपमधून नवरीचा मामा उतरला, विहीणबाई उतरल्या आणि आणखी दोघं-तिघं. विहीणबाईंच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत छापील साडी. मंडपात, सगळ्या पाहुण्यांदेखत, नवरीच्या बापाने त्यांना मानाने ती दिली होती. तोवर स्वयंपाकाच्या बाईने आपली पिशवी उघडून जांभळी रेशमी साडी नेसली होती आणि तीच नेसून ती पंगतीत वरण वाढत होती. विहीणबाई जेवल्या नाहीत. नवरी सासरी गेल्यापासून सासू तिच्याशी बोललेली नव्हती.

मला पहिल्या वाक्यालाच सगळं कळलं. पण मी काही म्हणायच्या आधीच मामा ओरडले, हे कुणाचं काम हाये, अन दुकानातले सहाच्या सहा चेहरे मागच्या भिंतीकडे वळले. कुणी बोटही दाखवलं नाही. तेवढी गरज नव्हती.

शेठजी म्हणाले की ती जरा तशी आहे, नवीन आहे, गोंधळ झाला असेल. विहीणबाई म्हणाल्या, अशा बाईले दुकानात ठेवताच कायले, आमच्या इज्जतीचा खेळ झाला, आम्ही पोलिसात जाऊ. घडीवाली उठून पुढे आली. अजिबात घाबरली नव्हती. तिने माझ्याकडे सरळ बोट केलं.

"मी नाई केलं. यानं केलं. मीनं सांगतलं होतं."

एकजण हसला. चिठ्ठी साडीला लागते ती घडी झाल्यावर, मी लावतो, आणि टाचणी असलेल्या साडीला ती मेली तरी हात लावत नाही, हे त्या दुकानात सगळ्यांना माहीत होतं. शेठजींना माहीत होतं. कुणालाही हे आठवलं नाही, आणि ज्याला आठवत होतं तो गादीवर मांडी घालून जमिनीकडे पाहत होता. अठ्ठावीस वर्षांत माझ्या तोंडून शब्द फुटला नाही असं एकदाच झालं.

शेठजींनी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. आणि तिच्या भावाला फोन केला.

भाऊ कचेरीतून अर्ध्या तासात आला. घामाने भिजलेला, हात जोडलेले. काय झालं हेही त्याने नीट ऐकून घेतलं नाही. मले मालूमच होतं हिच्यानं होत नाही, असं तो शेठजींना म्हणाला, मामांना म्हणाला, विहीणबाईंना म्हणाला. तिने पुन्हा माझ्याकडे बोट केलं, तर तो तिच्यावर चिडला, की चूक करते ते करते अन मोठ्या माणसावर ढकलते. मग त्याने तिला खांद्याला धरून माझ्यासमोर आणलं आणि सांगितलं, काकांच्या पाया पड, माफी माग.

ती उभीच राहिली. भावाने तिची मान धरून खाली वाकवली. तिचं डोकं माझ्या पायांपासून वीतभर अंतरावर आलं. तिने पायांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "याचे पाय घाण हायेत."

हे धादांत खोटं होतं. गादीवर आम्ही अनवाणी असतो आणि मी पायांची निगा राखतो. पण ते वाक्य ऐकलं आणि मी उठून उभा राहिलो. भावाचा हात तिच्या मानेवरून काढला आणि म्हणालो, "चिठ्ठ्या मीनं लावल्या. हिनं दोनदा टोकलं मले, मी ऐकलं नाही. चूक माही हाये."

आता मामा माझ्या अंगावर येतील, विहीणबाई शिव्या देतील, या तयारीने मी छाती काढून उभा होतो. थोडा रंगमंचावर असल्यासारखाच, हे कबूल करतो. आणि तुम्हाला काय सांगू, मामांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"होते ना भाऊ," ते म्हणाले. "एवढी गर्दी, एवढ्या बाया. तुमीबी माणूसच ना."

विहीणबाई तर ओशाळल्यासारखं हसल्या. म्हणाल्या, तुमची गोष्टच अशी होती, आमचंबी ध्यान नवतं. शेठजींनी चहा सांगितला. दुकान हलकं झालं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, की मोठं मन आहे, कबूल केलं. त्याच जांभळ्या रंगाची दुसरी साडी काढा असं शेठजी म्हणाले, आणि स्वयंपाकाच्या बाईला तिची राहू द्या, असं विहीणबाई स्वतःहून म्हणाल्या. पाच मिनिटांपूर्वी जी चूक पोलिसात न्यायच्या लायकीची होती, ती माझ्या हातून झाली म्हणताच गमतीची झाली होती. मुंबईच्या पाव्हण्याने पाणी सांडावं एवढी किरकोळ.

माझ्या आयुष्यात मला लोकांचा राग पुष्कळ वेळा आला आहे आणि त्यातला बराच मी मजेने पोसला आहे. त्या दिवशीचा राग तसा नव्हता. माफी मिळाल्याचा इतका अपमान मला कधी वाटला नाही. चहाचा पेला मी परत ट्रेमध्ये ठेवला.

मी शेठजींना म्हणालो, की मलाही सांगा, उद्यापासून येऊ नको. शेठजी म्हणाले, डोकं फिरलं का तुहं. मी म्हटलं, चुकीचं काम करणाऱ्याले काढता ना तुमी? आत्ताच काढलं एकीले. गेल्या दिवाळीत एकाने एकाच गिऱ्हाइकाला दोन डाव्या बाह्यांचं शिवलेलं ब्लाऊज दिलं, त्याला काढलं का? शेठजी, तुम्ही स्वतः नवरदेवाचा फेटा श्राद्धाच्या सामानात बांधून दिला होता, तुम्हाला कुणी काढलं? मामा हसायला लागले. मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "मघाशी हिची चूक वाटली तवा काहून नाही हसले तुमी?"

ते थांबले. भाऊ भिंतीला टेकून आपल्या हाताकडे पाहत होता, ज्या हाताने मान धरली होती त्याकडे. आपण कुठे पाहावं हे त्याला सुचत नव्हतं बहुतेक.

या सगळ्यात तिला माझ्या भाषणाचं काडीचं कौतुक नव्हतं. ती शेठजींच्या गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिला हवं होतं ते विचारलं.

"मी उद्या येऊ?"

शेठजी गल्ल्यातली किल्ली इकडून तिकडे करत राहिले. मग म्हणाले, ये.

"परवा?"

"ये."

"त्याच्या परवा?"

शेठजींनी सगळ्यांकडे पाहिलं. सुटका करेल असं कुणी नव्हतं. "रोज ये, माय," ते म्हणाले. "रोज ये."

ती भावाकडे वळून म्हणाली, ऐकलं ना, वहिनीला सांग, आणि तो निळा कागद फाडून टाक. भाऊ मान हलवून गेला. ती बाकड्यावर जाऊन बसली, कारण मागे अकरा साड्या उलगडलेल्या पडल्या होत्या.

याला दीड वर्ष झालं. ती कायम झाली आहे, मागच्या भिंतीला अजूनही तिचंच बाकडं आहे, आणि तिने मला माफ केलेलं नाही. मीही तिच्याशी गोड बोलत नाही. आम्हा दोघांनाही ते सोसणार नाही. नवीन गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलं की ती कधीकधी मागून सांगते, याच्या चिठ्ठ्या पाहून घेजा, हा चुकते. गिऱ्हाईक माझ्याकडे पाहतं. मी काय म्हणणार? मी म्हणतो, खरं आहे.

परवा परतवाड्याचा बस्ता होता. चिठ्ठ्या लावताना मी गोष्ट सुरू केली, अर्ध्यावर आणली, आणि बाया पुढे झुकल्या. माझ्या कोपराजवळ घडी केलेली साडी हातात धरून ती उभी होती. देत नव्हती. मी हात पुढे केला तरी देत नव्हती. सगळ्या बाया गोष्टीच्या शेवटासाठी थांबल्या होत्या आणि ती माझं तोंड बंद होण्यासाठी.

मी गप्प झालो. तिने साडी दिली.